गळ्याकडे बघणारी बाई

मसुरेकर मॅडम माणसाशी बोलताना त्याच्या तोंडाकडे बघत नाहीत, गळ्याकडे बघतात. उजव्या बाजूला, कानाच्या खाली आणि खांद्याच्या हाडाच्या वर जी चार बोटं जागा असते, तिथे त्यांची नजर जाऊन बसते आणि मग हलत नाही. तुम्ही बोलत राहता, त्या "हां, हां" करत राहतात. बोलणं संपवून तुम्ही घरी येता, आणि आपला हात इतका वेळ गळ्यावरच होता हे तुमच्या लक्षात येतं.

आमची वाडी तारकर्लीच्या अलीकडे, खाडीच्या काठाला आहे. भर उन्हात बाप्ये टॉवेल गळ्याभोवती गुंडाळायला लागले आणि बायकांचे पदर मानेभोवती दोनदा फिरले, की समजावं, मॅडमची स्कूटर पुलावरून खाली उतरली.

मी त्यांची विद्यार्थिनी. आमच्या घरात पदवी घेतलेली पहिली मीच. माझे वडील रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावर ओढून घ्यायच्या मोठ्या जाळ्याचे, दोर ओढत, आई मासळी विकायची, आणि मी बी.एस्सी. नर्सिंग. हे मी मुद्दाम आधी सांगते, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात माझं शिक्षण एका ओल्या फडक्याच्या लायकीचं ठरलं.

मॅडम सकाळी इस्पितळाच्या वॉर्डात, दुपारी आमच्या कॉलेजात वर्गावर, आणि दुपार कलली की वाड्यावाड्यांतून फिरत. काळजाच्या झडपा बिघडलेली माणसं दवाखान्यात पोचण्याआधी, त्यांच्या घरातच कशी ओळखायची, आणि जिथे डॉक्टर नाही तिथे त्या कामाला नर्स पुरी पडते का, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. त्यावर त्यांना पीएच.डी. मिळाली आणि गावात नवीनच घोळ झाला.

"म्हंजे तुमी आता डॉक्टर?" माझ्या आईने विचारलं.

"डॉक्टर. पण नर्स."

"मगे डॉक्टर व्हवक किती ऱ्हवला?"

"काय ऱ्हवाक नाय. मी नर्सच आसंय. नर्सचीच डॉक्टर."

मॅडम गेल्यावर आई म्हणाली, "बिचारी. थोडक्यात चुकला तिचा."

कॉलेजात मॅडमची भाषा छापील, वाडीत आली की मालवणी. हसू मात्र दोन्हीकडे नाही. अंगात करडा पंजाबी ड्रेस, पायात कॅनव्हासचे बूट आणि त्यात कायम वाळू. घरात शिरल्या की पहिल्यांदा स्टेथोस्कोपची चकती मुठीत घट्ट धरायच्या, मूठ तोंडाशी न्यायच्या आणि आत फुंकायच्या. थंड चकती छातीला लागली की माणूस दचकतो आणि काळीज उगीच धावतं, म्हणून ती ऊब. पण हे कोणाला माहीत? वाडीने पाहिलं ते इतकंच, की बाई मुठीत काहीतरी पुटपुटते आणि मग ती मूठ माणसाच्या छातीवर ठेवते.

आणि मग म्हणते, "बोला नुको. काळीज बोलता हा."

हे त्यांचं पेटंट वाक्य. ते म्हटलं की घरात भांडंसुद्धा वाजायचं नाही. खाटेवरचा माणूस श्वास धरून, आम्ही मुली भिंतीला चिकटून, आणि मॅडम डोळे मिटून. एक बोट खाटेच्या लाकडावर हळूहळू आपटत असायचं. त्या बोटाच्या ठेक्याकडे घरातली सगळी माणसं बघत राहायची. मधेच एखादा ठोका चुकला की आख्खं घर एकमेकांकडे बघायचं.

गळ्याचं शास्त्र त्यांनी आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं. ताठ बसलेल्या माणसाच्या गळ्यातली शीर वर चढलेली दिसता कामा नये. "खाडीचं तोंड वाळूने बुजलं की पाणी कुठे जातं?" त्यांनी विचारलं.

"मागे. वाडीत चढतं," मी म्हणाले.

"काळीज म्हणजे तोंड. गळा म्हणजे वाडी. आता कोणाकडेही बघताना आधी वाडीत पाणी चढलंय का बघायचं."

तेव्हापासून आमची सगळी बॅच एसटीत समोरच्या माणसाच्या गळ्याकडे बघायला लागली. दोघींना शिव्या बसल्या, एकीला स्थळ आलं.

मॅडमच्या नजरेची भीती खरी बसली ती एका लग्नात. मॅडम पंगतीला बसायच्या आधी नवरीला भेटायला गेल्या आणि तिच्या गळ्याकडे बघत उभ्या राहिल्या. एक मिनिट, दोन मिनिटं. सासूला वाटलं, बाई मंगळसूत्र जोखतेय. ती पुढे होऊन म्हणाली, "चोख आसा हां. सोनार आमचो घरचो."

मॅडम म्हणाल्या, "सोना बाजूक करा. शीर बघतंय."

महिन्याभरात त्या पोरीच्या काळजाला भोक निघालं, जन्माचं. ते वेळेत बुजवलं, आज तिला दोन मुलं आहेत. पण वाडीने लक्षात काय ठेवलं? बाईने नजर लावली आणि पोरीच्या काळजाला भोक पडलं.

आमचा वर्ग रस्त्याच्या कडेला होता. काळजाचे आवाज शिकवायचे असले की मॅडम खिडक्या लावून घेत, पडदे ओढत आणि म्हणत, "डोळे मिटा." मग त्यांनी वाड्यावाड्यांतून टिपून आणलेले आवाज मोठ्या स्पीकरवर लागायचे. चांगलं काळीज दारावर कोणीतरी अदबीने टकटक करावं तसं वाजतं. आकसलेल्या झडपेचं तसं नाही. आधी एक जोरदार थाप, मग एक बारीक टिचकी, आणि मग पार खालून, धक्क्याला बांधलेल्या ट्रॉलरचं इंजिन पाण्यात डोकं बुडवून ऐकावं तशी घरघर. मॅडम तो आवाज तोंडाने काढून दाखवत. "ठप्प. टक्. घर्रर्र." त्यांच्या तोंडून तो निघाला की अंगावर काटा यायचा, कारण तो त्यांचा वाटायचाच नाही.

"मॅडम, हे काळीज कोणाचं?" एकीने विचारलं.

"एक बाई. तिशीची. विहिरीचं पाणी काढताना धाप लागायची."

"आता कशी आहे?"

"आता नाही."

आणि स्पीकर चालूच. ठप्प, टक्, घर्रर्र. बाई नव्हती आणि तिचं काळीज आमच्या बाकांच्या फळ्यांतून आमच्या मांड्यांत चढत होतं. शेवटच्या बाकावरची एक मुलगी घेरी येऊन पडली. मॅडमनी तिची नाडी धरली, दुसऱ्या हाताने आवाज बारीक केला, पण बंद नाही केला. "पूर्ण होऊ दे," म्हणाल्या. बाहेर रस्त्याने मासळीच्या पाट्या घेऊन जाणाऱ्या बायका आमच्या भिंतीपाशी आल्या की रस्ता ओलांडून पलीकडे जायच्या.

एकदा तर मी स्वतः पाहिलं. दुपारचे चार. भिवा तांडेल म्हणून एक म्हातारे होते, त्यांच्या पडवीत मॅडम न बोलावता येऊन बसल्या. आम्हाला म्हणाल्या, "तुम्ही जा पुढे. मी थांबते इथे." सून चहा घेऊन आली, तर "नंतर" म्हणाल्या. म्हातारे जाळं शिवत होते, गप्पा मारत होते. मॅडम त्यांचा हात हातात घेऊन बसल्या होत्या, नाडीवर बोट. तासाभराने म्हाताऱ्यांनी जाळं मांडीवरून बाजूला ठेवलं, "जरा टेकतंय" म्हणाले, आणि टेकले ते टेकलेच. त्यांनीच आधी महिनाभर इस्पितळात जायला साफ नकार दिला होता, मरेन तर पडवीत म्हणाले होते, हे वाडी विसरली. बाई येऊन बसली आणि म्हातारा गेला, एवढंच उरलं.

आता दारावरच्या गोलाचं सांगते.

ज्या घरातल्या माणसाचं काळीज पुन्हा तपासायचं असेल, त्या घराच्या दाराच्या चौकटीवर मॅडम गेरूने छोटा गोल काढत. पुढच्या महिन्यात येणाऱ्या मुली बदलल्या, तरी कुठल्या घरात शिरायचं ते कळावं म्हणून. सोपी पद्धत. फक्त गोल आजारी माणसांच्या घरांवर होते आणि आजारी माणसंच मरत होती. वाडीने ते उलटं वाचलं. लोक गोल पुसायला लागले. एका घराने तर भांडण होतं त्या शेजाऱ्याच्या दारावर रात्रीत चार गोल काढून ठेवले.

मी तिसऱ्या वर्षाला होते तेव्हा एक गोल आमच्या चौकटीवर आला.

वडिलांना लहानपणी सांधे सुजायचे, ताप यायचा. त्या तापाने काळजाची झडप आकसते, हे मी परीक्षेत लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. वडील रापण ओढताना धापा टाकायला लागले होते, तेही दिसत होतं. सुट्टीला घरी आले तर आई दारातच उभी.

"गो, ता पूस आधी."

"तू का पुसलं नाहीस?"

"माजो हात धजणा नाय. तू शिकलेली आसस. तुका काय होवचा नाय."

मी त्या गोलाकडे बघितलं. मला सगळं माहीत होतं. गोल कशासाठी, काढला कोणी, कुठल्या डब्यातल्या गेरूने. तरी संध्याकाळच्या उजेडात तो गोल आमच्या घराकडे बघत असल्यासारखा वाटला. मी फडकं ओलं केलं आणि पुसून टाकला. दोनदा पुसला.

पुढच्या महिन्यात मुली आमचं दार सोडून पुढे गेल्या. त्याच्या पुढच्याही. मॅडम तेव्हा प्रशिक्षणाला पुण्याला होत्या. परत येऊन त्यांनी रुग्णांच्या नोंदींची वही उघडली आणि त्याच दुपारी स्कूटर आमच्या दारात. वडील खुर्चीत बसलेले, पाय सुजलेले, गळ्यावर टॉवेल. मॅडमनी विचारता न विचारता टॉवेल काढला. उजव्या बाजूला शीर पार कानाच्या पाळीपर्यंत उभी होती आणि हलत होती.

मूठ फुंकली गेली. "बोला नुको."

बोट खुर्चीच्या हातावर आपटायला लागलं. माझ्या लक्षात आलं की ठेका असा काही नव्हताच. दोन जवळ, एक लांब, मग तीन, मग काहीच नाही.

उठून मॅडम मला परसात घेऊन गेल्या. "गोल कोणी पुसला?"

"मी."

त्यांनी माझ्या गळ्याकडे बघितलं. "खरं बोललीस," म्हणाल्या. एवढंच. त्यापेक्षा त्यांनी मारलं असतं तर बरं. मग म्हणाल्या, "गोव्याला न्यायचं. ऑपरेशन. आठ दिवस गेले तर नेऊन उपयोग नाही."

पण वडील ऐकेनात. "काळीज माजा, माका म्हायत नाय? ह्या बायेन ज्येंच्या छातीक हात लावलो, त्यातलो एक तरी ऱ्हवलो काय?"

"बाबा, मी नर्स आहे. मी सांगते ना."

"तू तिचीच चेली. देवाक इचारूया. देव जा म्हणात तर जातलंय. नायतर हयच मरतलंय."

सोमवारी सकाळी कौल लावायचं ठरलं. आमच्याकडे मोठी गोष्ट देवाला विचारल्याशिवाय होत नाही. गुरव ओल्या बोटाने देवाच्या पाषाणावर दोन बाजूंना कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे बघत बसतात. उजवी कळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

देवळाच्या पाच पायऱ्या चढताना वडील दोनदा बसले. अर्धी वाडी जमली होती. मॅडमही आल्या आणि मागे खांबाला टेकून उभ्या राहिल्या. त्या आल्या तसा बसलेल्या माणसांत एक सळसळ झाली आणि टॉवेल वर चढले.

गुरवकाकांनी गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा! आज ह्यो तुजो लेकरू दामू तुज्या पायाशी इलो हा..." सगळ्यांनी हाळी दिली, "व्हय म्हाराजा!" गाऱ्हाणं संपलं. आम्ही कळ्यांकडे बघत बसलो.

काही पडेना. पाच मिनिटं, दहा मिनिटं. बाहेर माडाची झावळी हलत नव्हती. समईची ज्योत रेघेसारखी उभी. एवढ्या माणसांत आवाज एकच, माझ्या वडिलांच्या श्वासाचा. त्या श्वासाखाली मला घरघर ऐकू यायला लागली. ती ऐकू येणं शक्य नाही, नळीशिवाय ती कोणाला ऐकू येत नाही, हे मी शिकलेले आहे. तरी आली.

"देव बोलणा नाय," गुरवकाका शेवटी म्हणाले. "खंय तरी चुकला."

मागून कोणीतरी पुटपुटलं, "ती हय उभी आसा ना."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. गुरवकाका अवघडून म्हणाले, "मॅडम, तुमी वायच भायर..."

मॅडम खांब सोडून पुढे आल्या. "मी गाऱ्हाणा घालतंय."

"बायल माणूस गाऱ्हाणा घालीत नाय."

"मगे मी सांगतंय, तुमी घाला."

गुरवकाकांनी कपाळाचा घाम पुसला. मग पद्धतीप्रमाणे विचारलं, "बरा. कोणाच्या घरचा गाऱ्हाणा? तुमच्या घरात कोण कोण आसत, ती नावा सांगा आधी."

वर्गात एका दमात चाळीस औषधांची नावं घेणारी बाई घरातली नावं आठवत उभी राहिली. त्यांच्या घरात त्या एकट्या. लग्न केलं नाही, आई गेली, भावाने मुंबईला बिऱ्हाड केलं ते परत वळला नाही. हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. फक्त आजवर कोणी विचारलं नव्हतं.

मग त्या बोलायला लागल्या.

"भिवा तांडेल," त्या म्हणाल्या. "सरस्वती, बाबलची घरकारीण. कृष्णाबाय. सोनू, खारेकराचो. शांती, बाळतीण झाली आनि तिसऱ्या दिसा गेली. तिचा चेडू."

मॅडम वर्गात कधी रुग्णाचं नाव घेत नसत. पण ही नावं वाडीला नवीन नव्हती. यातल्या एकेकाला याच वाडीने खांदा दिला होता. मॅडम ती घरातल्या माणसांसारखी घेत होत्या, थोरल्यांपासून धाकट्यांपर्यंत. नाव घेतलं की थांबायच्या, पुढचं घ्यायच्या. आणि मी शपथेवर सांगते, प्रत्येक नावाबरोबर देवळात कोणीतरी येऊन बसत होतं. जागा कमी पडायला लागली. माझ्या शेजारच्या म्हातारीने पाय जवळ घेतले. शांतीचं नाव आलं तेव्हा तिचा नवरा डावीकडे सरकला आणि त्याने उजव्या बाजूला माणूसभर जागा मोकळी ठेवली. तिकडे तो बघत मात्र नव्हता.

"आनि दामू," मॅडम म्हणाल्या.

आईने माझा दंड घट्ट धरला. मेलेल्यांच्या रांगेत वडिलांचं नाव.

"ह्यो अजून आसा, म्हाराजा," मॅडमचा आवाज चिरला. तो कधी चिरतो हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. "बाकीची माजी सगळी तू न्हेलंस. मी मगे एकली घराकडे गेलंय. तुका काय बोलूक नाय. ह्यो माका ठेव."

कोणी हाळी दिली नाही. गुरवकाकांचं तोंड उघडं राहिलं होतं.

वडिलांनी खांबाला हात लावला आणि उठून उभे राहिले. टॉवेल खांद्यावरून घसरून खाली पडला, तो त्यांनी उचलला नाही. "व्हय म्हाराजा!" ते ओरडले. एवढ्या दोन शब्दांनी त्यांचा दम गेला, ते वाकले. पण आता आख्ख्या देवळाने त्यांच्यामागून हाळी दिली, "व्हय म्हाराजा!"

त्या गडबडीत कळी पडली. कुठली, ते कोणी बघितलं नाही. गुरवकाका उजवी म्हणतात.

पुढचं थोडक्यात सांगते. ऑपरेशन झालं. वडील आता रापण ओढत नाहीत, किनाऱ्यावर उभे राहून ओढणाऱ्यांना शिव्या देतात. मी त्याच कॉलेजात शिकवते.

पण त्या सकाळी गोव्याला जायची गाडी देवळाच्या खाली येऊन थांबली होती, आईने कपड्यांची पिशवी आत ठेवली होती, आणि मी वडिलांचा दंड धरून त्यांना घाई करत होते. एकेक तास मोलाचा होता. मॅडम पाठमोऱ्या, तिथेच उभ्या होत्या. आमच्या वाडीची माणसं सांगून संपली होती आणि आता वालावल गावची सुरू झाली होती. मागोमाग देवगडची येणार, हे मी वही बघितलेली असल्याने मला ठाऊक होतं. गुरवकाका हात जोडून एकेक नाव देवाला सांगत होते. लोक हाळी देत होते. यातल्या एकाही माणसाला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं.

"बाबा, चला. उशीर होतोय."

वडील पायरीवर बसले. त्यांनी माझा हात सोडवला.

"वायच थांब गो," म्हणाले. "तिच्या घरची माणसा सपांदेत."